सहा जण, सात रात्री आणि जप्त झालेली किटली

आई-बाबा जुलैत आलेत, नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, जवळपासची सगळी मंदिरं झाली, आणि डिसेंबर लागल्यावर न्यू जर्सीच्या थंडीत दोघंही खिडकीत बसून पार्किंग लॉट बघायला लागले. तेव्हा नवऱ्याने एका रात्री बसल्या बसल्या कॅरिबियन क्रूझ बुक करून टाकली. मायामीहून निघायचं, पोर्तो रिकोतलं सॅन व्हान, सेंट थॉमस, सेंट मार्टेन आणि परत मायामी, सात रात्री. आम्ही दोघं, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा आणि आई-बाबा. आमच्यापैकी कुणीच याआधी क्रूझ केलेली नव्हती, बाबांचा बोटीचा अनुभव म्हणजे मालवणहून सिंधुदुर्गला जाणारी होडी. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण मी जे काही रडगाणं गाणार आहे ते थोड्याफार फरकाने बाकीच्या मोठ्या बोटींवर पण असंच असतं असं ओळखीतल्या चार जणांकडून ऐकलं.

आधी पैशांचं, कारण सगळे तेच विचारतात. जाहिरातीत माणशी ५९९ डॉलर दिसतात ना, ते एका केबिनमध्ये दोघं धरून असतात आणि त्यात टॅक्स, पोर्ट फी नसते. आमच्या दोन केबिनचे टॅक्स धरून ४,९०० झाले. त्यावर टिप्स, ज्या तुम्ही द्या न द्या असं काही नसतं, आपोआप बिलात लागतात, माणशी दिवसाला १८ डॉलर, चार वर्षांच्या पोराला पण. सहा जणांचे सात दिवसांचे ७५६ झाले. विमानाची तिकिटं १,५००, आदल्या रात्रीचं मायामीतलं हॉटेल २१०, एका फोनपुरतं वायफाय १४०, बेटांवर टॅक्सी वगैरे धरून ६००, आणि फोटो, चांगली कॉफी, असलं किरकोळ १८०. म्हणजे ८,३०० च्या आसपास. बाबांना मी रुपयात सांगितलंच नाही. दारूचं पॅकेज आम्ही घेतलं नाही, आणि त्यात एक गंमत आहे, एकाच केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. म्हणजे बाबांच्या रोजच्या एका बिअरसाठी आईला पण पॅकेज! आई म्हणाली, मग मी पण पिते, वसूल तरी होईल.

आदल्या दिवशीच मायामीला जा, हे मात्र ऐका. बोट तुमच्या विमानासाठी थांबत नाही. आणि व्हिसा तपासा. आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्री, म्हणजे पुन्हा पुन्हा आत येता येईल असा आहे, म्हणून सेंट मार्टेनला वेगळा व्हिसा लागला नाही आणि परत येताना पण काही झालं नाही. सॅन व्हान आणि सेंट थॉमस अमेरिकेचेच, पण सेंट मार्टेन परदेश, त्यामुळे मायामीत उतरताना इमिग्रेशन असतंच. ज्यांचं एच-वनचं, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचं, पासपोर्टवरचं स्टॅम्पिंग संपलंय त्यांनी आधी वकिलाशी बोला, मग बुक करा.

आता किटली. आईला सकाळी साडेपाचला चहा लागतो, स्वतःच्या हातचा. म्हणून मी इथल्या एडिसन गावातल्या दुकानातून छोटी इलेक्ट्रिक किटली घेऊन तिच्या बॅगेत टाकली. बंदरावर मोठ्या बॅगा आधीच काढून घेतात आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. आमच्या तीन आल्या, आईची नाही. पोरांचे स्विमिंगचे कपडे पण त्याच बॅगेत, त्यामुळे पहिली दुपार पोरं पूलच्या कडेला पाय बुडवून बसली, आणि म्हणून सांगते, पहिल्या दिवसाचं सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. रात्री आठला फोन आला, खालच्या डेकवर सिक्युरिटीच्या खोलीत या. आईचा चेहरा अगदी पडला, तिला वाटलं चिवडा पकडला. तिथे गेलो तर वीसेक बॅगा आणि आमच्यासारखेच चेहरे पाडून उभे असलेले लोक, कुणाची इस्त्री, कुणाची एक्स्टेन्शन कॉर्ड, एका काकूंच्या शॅम्पूच्या बाटलीत व्होडका. आगीच्या भीतीने गरम होणारी कुठलीच वस्तू चालत नाही, हे बुकिंगच्या कागदात बारीक अक्षरात होतं म्हणे. किटलीला चिठ्ठी बांधली, पावती दिली, शेवटच्या दिवशी घेऊन जा म्हणाले. पॅकबंद चिवडा आणि लाडू मात्र सुखरूप.

केबिन ठीक. बाल्कनीवाली आई-बाबांना दिली आणि आम्ही चौघं समोरच्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये, जिथे लाइट बंद केला की सकाळचे सात आणि रात्रीचे तीन सारखेच. दोन पोरांच्या वरच्या बर्थ छतातून खाली येतात, ट्रेनच्या साइड अप्परची आठवण झाली. बाथरूममध्ये शॉवरचा पडदा अंगाला चिकटतो, जाड माणसाचं काही खरं नाही. पण झोप झकास लागते. पहिल्या रात्री बोट हलली तेव्हा मुलीला उलट्या झाल्या, गेस्ट सर्व्हिसवाल्यांनी गोळी आणि हिरवं सफरचंद दिलं, हिरवं सफरचंद कशाला ते कळलं नाही पण तिने खाल्लं आणि झोपली. दुसऱ्यांदा बुक केलं तर मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन घेणार, तिथे कमी हलतं. आमची अगदी पुढच्या टोकाला होती, स्वस्त का होती ते तेव्हा कळलं.

जेवणाबद्दल मी घाबरून होते कारण आई शाकाहारी आणि तिला सॅलडचा तिटकारा. पहिल्याच रात्री डायनिंग रूममध्ये हेड वेटरला सांगितलं, त्यानंतर रोज रात्री तिच्यासाठी वेगळी डाळ, एक भाजी, भात, रोटी आणि पापड. मेनूत असो नसो, आदल्या दिवशी सांगून ठेवलं की होतं. आमचा वेटर मडगावचा निघाला, कोकणी, मराठी, हिंदी सगळ्याची मिसळ बोलायचा, त्याचे वडील पण तारवटी होते, आयुष्य बोटीवर काढलेले. दुसऱ्या रात्री आई रोटीकडे बघून गप्प बसलेली त्याने पाहिली आणि म्हणाला, "आई, कित्याक टेन्शन घेता? उद्या मऊ आणतो." आणि आणली पण. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, घरी तीन वर्षांची मुलगी, व्हिडिओ कॉलवर तिला झोपवतो म्हणाला. टिप्स आपोआप लागतात तरी याला शेवटी बाबांनी वेगळं पाकीट दिलं, आणि ते पैसे मला अजिबात जड गेले नाहीत.

दुपारचा बफे मात्र यथातथा, साडेबाराला गेलात तर टेबल मिळत नाही, लग्नाच्या पंगतीसारखं जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहावं लागतं. आणि चहा! कोमट पाणी, टी बॅग आणि गार दूध. सात दिवस आई रोज सकाळी डेकवर तो कप हातात घेऊन समुद्राकडे अशी बघायची की जणू समुद्रानेच किटली नेली.

सॅन व्हानला बोट तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला लागली, म्हणजे उतरून, रांग लावून, निळसर दगडांच्या गल्ल्यांतून चढ चढत एल मोरो किल्ल्यापाशी पोचेपर्यंत दार बंद. १५३९ पासून स्पॅनिश लोकांनी बांधायला घेतलेला किल्ला, मी दोन आठवडे बाबांना त्याबद्दल सांगत होते, आणि बघायला मिळाली बाहेरची भिंत. राग आला, कारण वेळापत्रक बनवणाऱ्यांना किल्ला कधी बंद होतो हे माहीत असणारच. पण किल्ल्यासमोर भलंमोठं गवताचं मैदान आहे, समुद्राचा वारा भणाणतो, आणि अख्खं गाव तिथे पतंग उडवत होतं. बाबा मूळचे येवल्याचे, संक्रांतीच्या पतंगांसाठी प्रसिद्ध असलेल्या. येवल्याच्या माणसासमोर पतंग! पोरासाठी एक घेतला, दोन मिनिटांत तो बाबांच्या हातात गेला आणि अंधार पडेपर्यंत परत आला नाही. दोऱ्याचं प्लास्टिकचं रीळ बघून ते म्हणत होते याला काय अर्थ आहे, आसारी पाहिजे, म्हणजे येवल्याकडची दोरा गुंडाळायची फिरकी. शेजारच्या एका आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, बाबांना स्पॅनिश येत नव्हतं, तरी दोघं एकमेकांना ढील कशी द्यायची ते शिकवत होते. किल्ला? "आपला सिंधुदुर्ग पाण्यात आहे, हा काठावर आहे," एवढाच शेरा.

सेंट थॉमस पटकन सांगते. अमेरिकेने १९१७ मध्ये डेन्मार्ककडून शेजारच्या बेटांसकट अडीच कोटी डॉलरला विकत घेतलेलं बेट, आणि अमेरिका असून गाड्या डाव्या बाजूने चालतात, फक्त स्टिअरिंग पण डावीकडेच, त्यामुळे वळणावर आपला जीव वर-खाली. उघड्या टेम्पोसारख्या टॅक्सीत बसून मेगन्स बे बीचवर गेलो, पाणी शांत, पोरांसाठी एक नंबर. बोटीच्या सहलीपेक्षा बंदरावरची टॅक्सी आम्हाला निम्म्यात पडली.

सेंट मार्टेनला मात्र नाटक झालं. १६४८ पासून अर्धं फ्रेंच, अर्धं डच असलेलं हे छोटंसं बेट, बोट डच बाजूला फिलिप्सबर्गला लागते. आम्ही चौघं माहो बीचला गेलो, जिथे विमानं डोक्यावरून उतरतात, म्हणजे खरंच डोक्यावरून, पोराने भीतीने माझी ओढणी ओढून तोंडावर घेतली आणि पुढच्या विमानाला "अजून" म्हणाला. कुंपणाला लटकायला जाऊ नका, उडणाऱ्या विमानाच्या झोताने २०१७ मध्ये इथे एक बाई दगावली होती, पाट्या लावल्यात तरी लोक लटकतात. आई-बाबांना ऊन नको होतं म्हणून ते दोघं फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर दुकानं बघत थांबले. फोन दोघांचेही बंद, कारण रोमिंगच्या बिलाची भीती मीच घातली होती.

बोटीवर साडेचारपर्यंत परत यायचं होतं. आम्ही चारला आलो, येतानाचा ट्रॅफिक बघून आधीच धडधडत होतं. कार्ड स्कॅन केल्यावर सिक्युरिटीवाल्याला विचारलं तर म्हणाला दोघं अजून चढलेले नाहीत. सव्वाचार. नवरा धक्क्याच्या टोकापर्यंत धावला. चार वीस. तो सिक्युरिटीवाला अगदी शांतपणे विचारतो, त्यांचे पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत आहेत का, कारण बोट निघायची वेळ झाली तर आम्ही ते काढून बंदरावर एजंटकडे देतो. त्या शांतपणाने माझे पाय गळाले. चार पंचविसला वॉटर टॅक्सी आली आणि तिच्यातून आई उतरली, हातात दोन पिशव्या, मागे बाबा, आरामात.

"अगं, आमच्या घड्याळात तर अजून साडेतीन पण नाहीत!"

तिसऱ्या दिवशी बोटीची वेळ एक तास पुढे गेली होती. घोषणा झाली तेव्हा बाबा झोपले होते, आणि आम्ही त्यांना सांगायचं विसरलो. वाचवलं ते एका सोन्याच्या दुकानवाल्याने. फ्रंट स्ट्रीटवर सिंधी दुकानदार भरपूर आहेत, हा मूळ उल्हासनगरचा, काका-मावशी करत आईशी तासभर बांगड्यांच्या भावावरून घासाघीस करत होता, आणि मधेच भिंतीवरचं घड्याळ बघून म्हणाला, "मावशी, बोट कुठली तुमची? ती मोठी? मग बांगड्या राहू द्या, पळा." वॉटर टॅक्सीत त्यानेच बसवून दिलं. आईचं म्हणणं, भाव अजून उतरला असता.

त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना सोडून फिरणार असाल तर त्यांचं घड्याळ स्वतः लावून द्या, आणि वेळ कागदावर लिहून खिशात घाला. दहा डॉलर रोमिंगचे गेले तरी चालतील पण फोन चालू ठेवा. समुद्रात मात्र एअरप्लेन मोडच, बोटीचं नेटवर्क पकडलं की मिनिटामिनिटाचे पैसे.

शेवटचे दोन दिवस नुसता समुद्र. पोरं किड्स क्लबमध्ये, तीन वर्षांच्या पुढची आणि डायपर सुटलेली घेतात, फुकट, आणि आमचा पोरगा घ्यायला गेलो की रडायचा, परत यायचं नाही म्हणून. आम्ही दोघांनी चार वर्षांत पहिल्यांदा सलग दोन तास पुस्तक वाचलं. आई-बाबा सातव्या डेकवर चालण्याच्या पट्ट्यावर रोज पाच फेऱ्या मारायचे, मग बाल्कनीत. रोज बॅग भरा, हॉटेल बदला, गाडीत बसा, हे काहीच नाही, बाबांच्या गुडघ्यांना युरोप टूरपेक्षा हे शंभर पटीने बरं.

पाचपैकी साडेतीन. बेटं बघायची हौस असेल तर क्रूझ करू नका, विमानाने एका बेटावर जाऊन पाच दिवस रहा, इथे प्रत्येक ठिकाणी फक्त पाय टेकवून होतात. तीन पिढ्या एकत्र न्यायच्या असतील तर डोळे झाकून करा, फक्त बिल बघताना डोळे उघडे ठेवा. आमच्या खात्यावर दोन स्पेशल कॉफ्या जास्तीच्या लागल्या होत्या, काउंटरवर सांगितल्यावर काढल्या, पण त्यासाठी शेवटच्या रात्री चाळीस मिनिटं उभी होते.

आणि सकाळी मायामीत उतरायच्या आधी परत एक रांग, जप्त वस्तूंची. आई सगळ्यात पुढे, पावती हातात धरून. टेबलावर चिठ्ठ्या बांधलेल्या वस्तू ओळीने मांडलेल्या, आईने आधी आपली किटली उचलली, झाकण उघडून आत बघितलं, आणि मग मोजायला लागली. "अकरा इस्त्र्या," मला कोपराने ढोसत म्हणाली, "सुट्टीत इस्त्री कोण करतं गं?"