प्लास्टिकला लाकूडपण देणारी ट्यूब: बर्न्ट अंबर तैलरंगाचे परीक्षण

स्केल मॉडेलच्या किटमधील प्लास्टिक लाकडासारखे दिसावे यासाठी आज तयार रंगसंच मिळतात, रेषा छापलेली डिकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची पातळ छापील चित्रे) मिळतात, जहाजांच्या डेकसाठी तर खऱ्या लाकडाचे कागदासारखे पातळ पापुद्रेही मिळतात. यांपैकी बरेच काही वापरून पाहिल्यानंतर मी दर वेळी ज्या वस्तूकडे परत आलो, ती मॉडेलसाठी बनवलेलीच नाही. चित्रकारांच्या तैलरंगांतील बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाची ३७ मिलिलिटरची ती ट्यूब आहे, आणि एका विमानाच्या संपूर्ण धडाला त्यातला वाटाण्याएवढा रंग पुरतो.

ट्यूब निवडताना कंपनीच्या नावापेक्षा तिच्या पाठीवरचा मजकूर आधी वाचावा. तेथे रंगद्रव्य म्हणून केवळ ‘पीबीआर ७’ लिहिलेले असेल, तर आत बहुधा खरी भाजलेली माती आहे असे समजावे. या मातीत लोहाबरोबर मँगनीजचे ऑक्साइड असते. मँगनीजमुळे जवसाचे तेल लवकर सुकते, त्यामुळे बर्न्ट अंबर हा तैलरंगांमध्ये लवकर सुकणारा रंग मानला जातो. लाल ऑक्साइड आणि काळा एकत्र करून बनवलेला, त्याच नावाने विकला जाणारा रंग दिसायला जवळचा असतो. परंतु पातळ पसरल्यावर त्याची छटा मंद होते आणि तो सुकायला अधिक दिवस घेतो. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त ट्यूबमध्ये भरणद्रव्य जास्त असते. लाकडासाठी हवा असतो तो तळाचा रंग झिरपू देणारा पातळ थर, आणि तो अशा ट्यूबमधून नीट मिळत नाही. येथे दोन पैसे जास्त गेले तरी चित्रकारांच्या दर्जाचीच ट्यूब घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा रंग लाकूड इतके चांगले का उभे करतो, याचे उत्तर त्याच्या संथपणात आहे. अ‍ॅक्रिलिक रंग काही मिनिटांत बसतो आणि मग कुंचल्याची प्रत्येक चूक कायमची होते. तैलरंग मात्र तासन्‌तास हलवता येतो, पुसता येतो, पुन्हा ओढता येतो. लाकडाची रेषा काढण्यापेक्षा ती पुसून उघडी करणे सोपे असते आणि तीच अधिक खरी दिसते. माझी पद्धत अशी आहे: तळाला फिकट अ‍ॅक्रिलिक द्यायचा (तामिया या जपानी मॉडेल कंपनीचा एक्सएफ-५९ हा वाळवंटी पिवळा किंवा एक्सएफ-७८ हा खास लाकडी डेकसाठीचा रंग मला सर्वांत सोयीचा वाटतो), तो पूर्ण एक दिवस वाळू द्यायचा, त्यावर अर्धचमकदार वॉर्निशचा हात द्यायचा आणि मग तैलरंग कोरड्या कुंचल्याने अगदी पातळ पसरायचा. साधारण अर्ध्या तासाने, रंग किंचित चिकट होऊन कुंचल्याला ओढू लागला की, राठ केसांचा सपाट कुंचला फळीच्या लांबीने एकाच दिशेने ओढायचा आणि प्रत्येक ओढीनंतर तो कापडावर पुसायचा. गाठ हवी असेल तेथे टूथपिकचे टोक टेकवून जरा फिरवावे आणि भोवतालच्या रेषा तिला वळसा घालून न्याव्यात, कारण खऱ्या फळीतही तंतू गाठीच्या बाजूने वळूनच जातात.

या रंगाची खरी परीक्षा पहिल्या महायुद्धातील विमानांवर होते. १९१७ साली आघाडीवर आलेल्या जर्मन अल्बाट्रॉस डी-५ या लढाऊ विमानाचे धड प्लायवुडचे होते आणि अनेक विमानांवर ते केवळ वॉर्निश देऊन उघडे ठेवलेले असे. १:४८ प्रमाणातील माझ्या मॉडेलवर मी एकाआड एक तुकडे चिकटपट्टीने झाकून दोन दिवसांच्या अंतराने रंगवले आणि दर वेळी मिश्रणात थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) किंवा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळला. शेजारशेजारच्या तुकड्यांत छटेचा आणि दिशेचा थोडासा फरक पडताच ते धड सुताराने जोडल्यासारखे दिसू लागले. शेवटी तामियाच्या पारदर्शक नारिंगी एक्स-२६ चा अतिशय पातळ फवारा दिला, तेव्हा जुन्या वॉर्निशची मधासारखी झाक आली. इतका समाधान देणारा परिणाम मला दुसऱ्या कोणत्याही साधनाने मिळालेला नाही. प्रोपेलरवरही हेच साधते. तेथे मात्र एकावर एक चिकटवलेल्या लाकडांच्या थरांच्या कडा आधी बारीक पट्ट्या लावून फिकट-गडद रंगवून घ्याव्या लागतात, आणि तैलरंग त्या दोन्ही छटांना नंतर एकत्र बांधतो.

जुन्या, उन्हापावसात राहिलेल्या लाकडासाठी मात्र ही एकटी ट्यूब अपुरी आहे. उन्हातील अतिनील किरणांनी लाकडातील लिग्निन विघटित होते, पाऊस ते धुऊन नेतो आणि उरलेले तंतू राखाडी दिसतात. म्हणूनच मालमोटारीचा जुना हौदा तपकिरी रंगवला की तो लाकडाचा वाटतो, पण जुना वाटत नाही. १:३५ मधील अशा हौद्यासाठी मी तळ फिकट राखाडी ठेवतो आणि वर बर्न्ट अंबरऐवजी रॉ अंबर (न भाजलेल्या त्याच मातीचा थंड तपकिरी) व थोडा काळा वापरतो. बर्न्ट अंबर केवळ फळ्यांच्या सांध्यांत आणि जेथे सामान घासून आतले ताजे लाकूड उघडे पडले असेल तेथे येतो.

प्रमाणाचाही विचार केला पाहिजे. खऱ्या फळीवरील एक मिलिमीटर रुंदीची रेषा १:३५ मध्ये ०.०३ मिलिमीटरहूनही बारीक होते, आणि १:७२ मध्ये तर ती डोळ्याला दिसणारच नाही. म्हणजे आपण जे रंगवतो ते लाकडाचे मोजमाप नसते, लाकडाचा भास असतो. मॉडेल जितके लहान, तितक्या रेषा कमी आणि फिकट हव्यात. १:३५० मधील जहाजाच्या डेकवर मी रेषा काढतच नाही, फळ्याफळ्यांतील छटा बदलतो, आणि त्या कामाला हा तैलरंग लागत नाही. छापील डिकलांची मुख्य अडचणही येथेच आहे: रेषा सुंदर असतात, पण मॉडेलच्या मानाने अनेकदा जाड असतात, आणि दुहेरी वळणाच्या पृष्ठभागावर ती बसवताना सुरकुत्या पडतात. सपाट, मोठ्या तुकड्यांवर मात्र डिकल वेळ वाचवतात, हे मान्य केले पाहिजे. तयार रंगसंचांतील छटा विचारपूर्वक निवडलेल्या असतात आणि नवशिक्याला त्यांचा तळासाठी चांगला उपयोग होतो. रेषेचा जिवंतपणा मात्र बाटलीतून येत नाही.

उणिवांपैकी सर्वांत मोठी उणीव प्रतीक्षेची आहे. पातळ थर दोन-तीन दिवसांत हाताला कोरडा लागतो, पण आतून तो तेव्हा पक्का झालेला नसतो. घाईने तिसऱ्याच दिवशी अ‍ॅक्रिलिक वॉर्निश मारल्यामुळे माझ्या एका मॉडेलच्या धडावर केसासारख्या बारीक भेगा पडल्या आणि दोन आठवड्यांचे काम पुसून काढावे लागले. त्यानंतर मी किमान आठवडाभर थांबतो. दुसरी उणीव तेलाच्या चमकेची. रंग वापरण्यापूर्वी तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर अर्धा-एक तास ठेवला की जादा तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि थर निस्तेज, लाकडाला शोभेल असा बसतो. शिवाय सुकण्याचा वेळही कमी होतो. पातळ करण्यासाठी गंधरहित व्हाइट स्पिरिट पुरेसे आहे, मात्र खोली हवेशीर असावी आणि रंगाने भिजलेले चिंधे बोळा करून टाकू नयेत, कारण जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि असे बोळे आपोआप पेटू शकतात. ते पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

ट्यूबबद्दल एक शेवटची सूचना. बंद करण्यापूर्वी तोंडावरचे आटे दर वेळी कापडाने पुसून घ्यावेत. तेथे रंग सुकला की झाकण असे घट्ट बसते की पिळताना ट्यूबच फाटते. तसे झालेच, तर झाकणाचा भाग काही मिनिटे गरम पाण्यात धरावा, ते सहज निघते.