हो ची मिन्ह शहराचा मध्यभाग: अर्धा दिवस अपुरा पडतो

लातूरहून आम्ही सहा जण एका प्रवासी कंपनीच्या सहलीतून व्हिएतनामला गेलो. हो ची मिन्ह शहराच्या मध्यभागासाठी कार्यक्रमात फक्त अर्धा दिवस ठेवलेला होता आणि तीच या सहलीची मोठी उणीव ठरली.

स्वातंत्र्य प्रासाद, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांचा जुना वाडा, यासाठीच निवांत तीन तास हवेत. ३० एप्रिल १९७५ रोजी, व्हिएतनाम युद्ध संपले त्या दिवशी, ज्या फाटकातून उत्तर व्हिएतनामचे रणगाडे आत शिरले, त्याच आवारात तशाच बनावटीचे दोन रणगाडे ठेवलेले आहेत. पण माझ्या मनात घर करून राहिली ती गच्ची, जिथे त्याच महिन्यात विमानातून बॉम्ब पडल्याच्या जागा लाल वर्तुळांनी दाखवल्या आहेत. तळघरातील अरुंद खोल्यांमध्ये भिंतीभर नकाशे आणि जुनी बिनतारी यंत्रे आहेत. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करत मोठ्या झालेल्या आम्हा मराठवाड्याच्या माणसांना अशा तारखेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

१८९१ साली पूर्ण झालेले मुख्य टपाल कार्यालय आजही चालू आहे, म्हणून तिथल्या उंच कमानदार छताखाली बसून मी आईला पत्र लिहिले आणि तिथूनच टाकले. समोरच्या नोत्र दाम चर्चच्या विटा फ्रान्समधील मार्सेहून आणलेल्या आहेत; दुरुस्तीमुळे ते बाहेरूनच पाहावे लागले. बेन थान्ह बाजारात घासाघीस करावीच लागते.

बाजारापासून चालत जाता येईल इतके जवळ असलेले मारिअम्मन मंदिर आमच्या कार्यक्रमात नव्हते, परंतु ते मुळीच चुकवू नये. तमिळ लोकांनी उभारलेल्या या मंदिरात व्हिएतनामी भाविक उदबत्ती लावून, गाभाऱ्यामागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकवून बराच वेळ उभे असतात.