‘एस’चा ‘एफ’ झाला: ब्योमेच्या चार खंडांसोबत सात महिने

परवा पहिला खंड पुठ्ठ्यातून सुटला. वाचता वाचता मधली पंचवीसेक पानं मांडीवर आली. नाहीतर हे लिहिणार नव्हतो, पैसे गेले म्हणून गप्प बसलो होतो.

याकोब ब्योमे कोण, हे इथे वाचायला येणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. जर्मनीतल्या गर्लिट्झचा जोडे शिवणारा गूढवादी, जन्म १५७५. १६०० साली कथलाच्या भांड्यावर चमकलेली तिरीप पाहून त्याला जे काही उमगलं, ते त्याने १६१२ मध्ये ‘ऑरोरा’ या पहिल्या पुस्तकात लिहून काढायला घेतलं. गावचा धर्मगुरू खवळला आणि पुढच्याच वर्षी नगरसभेने हस्तलिखित काढून घेऊन लिहायला बंदी घातली. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत, याची नगरसभेच्या ताब्यात.

मी घेतलं ते ब्योमेच्या लेखनाच्या, १७६४ ते १७८१ या काळात लंडनला इंग्रजीत निघालेल्या चार खंडांचं पुनर्मुद्रण. ब्योमेला मानणारे इंग्रज धार्मिक लेखक विल्यम लॉ यांच्या नावाने ओळखतात, पण लॉ १७६१ मध्येच वारले होते. आतला मजकूर बराचसा जॉन स्पॅरोच्या सतराव्या शतकातल्या भाषांतराचा. ऑनलाइन मागवलं, चार हजार तीनशे ऐंशी रुपये. एवढे पैसे सोडले ते मूळ आवृत्तीतल्या चित्रांसाठी. ही चित्रं मायकेलअँजेलोलाही याहून चांगली जमली नसती, असं इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेक म्हणाला होता. माझ्या संचात चित्रंच नाहीत! एकही नाही. यावर वेगळं भांडण झालं, ते सोडून देतो. कारण खरं दुखणं ‘एफ’चं आहे.

त्या काळी इंग्रजी छपाईत शब्दाच्या सुरुवातीला आणि मधे लांब ‘एस’ असायचा, दिसायला थेट ‘एफ’सारखा. शेवटी मात्र आपला नेहमीचा. पुनर्मुद्रण काढणाऱ्या महाभागांनी जुनी पानं स्कॅन केली, मशीनकडून अक्षरं ओळखवून घेतली आणि कुणीही न वाचता छापून टाकली. म्हणून ‘सी’चं ‘फी’, ‘सेम’चं ‘फेम’, ‘साइट’चं ‘फाइट’. ‘स्वीट’चं ‘फ्वीट’ होतं तेव्हा निदान चूक कळते तरी. पण ‘ऑरोरा’च्या पहिल्याच प्रकरणात ब्योमे कडू, गोड, आंबट आणि तुरट-खारट अशा गुणांबद्दल बोलतो. त्यातला आंबट म्हणजे ‘सावर’, तो इथे ‘फोर’, म्हणजे चार, झाला. आता गुणही मोजून चारच! त्यामुळे मी दोन संध्याकाळी ‘चौथा गुण’ समजून वाचत होतो आणि हा चौथा तिसऱ्याच्या आधी कसा आला, यावर वहीत आकृती काढली. ती वही अजून आहे, कुणाला दाखवणार नाही.

कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर, ‘सर, जुन्या पुस्तकांत असंच असतं.’ अहो, जुन्या पुस्तकात लांब ‘एस’ असतो, ‘एफ’ नसतो! तोवर बदलून मिळायची दहा दिवसांची मुदत संपली होती.

मग पेन्सिल घेऊन बसलो. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली, आमच्या नशिबी ‘एफ’चे ‘एस’. रोज चार पानं, त्याहून जास्त होतच नाहीत.

आणि इथे माझं मत जरा बदललं, तेही कबूल करतो. चौथ्या महिन्यात पीटर अर्बने भाषांतरित केलेलं ब्योमेचंच १९७८ चं ‘वे टु क्राइस्ट’ जुन्या बाजारात दोनशे वीसला मिळालं. स्वच्छ छपाई, सरळ इंग्रजी. आठवड्यात संपलं आणि पंधरा दिवसांत विसरलोही. ‘ऑरोरा’ मात्र विसरत नाही. पुढे ब्योमे सात मूळ शक्ती सांगतो: तुरट, गोड, कडू, मग उष्णता, प्रेम, नाद आणि शेवटी या सगळ्यांना धरून ठेवणारा देह. तुरट म्हणजे आवळून धरणारं. हे चार पानांच्या गतीने वाचताना आवळा आठवला. खाताना तोंड आवळतं आणि वर पाणी प्यायलं की गोड लागतं. ब्योमेकडे गोडाने तुरटाला सैल करायचं असतं, आवळ्यात क्रम तोच आहे. एरवी अर्ध्या तासात तीस पानं उलटली असती आणि हे डोक्यात आलंच नसतं. म्हणून काय छापणाऱ्याचे आभार मानू? मुळीच नाही. एक तारा, तोही ब्योमेला.

घेणाऱ्यांनी एवढंच करावं: मूळ पानांचे फोटो छापलेली प्रत बघावी, टाइप करून काढलेली नको. आतलं एक पान दाखवत नसतील तर घेऊच नये.

सुटलेला खंड अप्पा बळवंत चौकातल्या एका बाइंडरकडे नेला. पानांच्या कडेची पेन्सिल बघून तो म्हणाला, ‘काका, वही आहे ना? कडा कापून सरळ करून देतो.’ घाईघाईने हात धरला. सात महिन्यांचं काम त्या कडांवरच आहे. काळं रेक्झिन, दोऱ्याची शिलाई, एकशे ऐंशी रुपये. कापायचं काम वाचलं म्हणून वीस कमी करा म्हटलं, तर हसला. एकशे साठ दिले.