‘ताई, घाई कशाला?’: साठेखत असूनही घर हातचं कसं गेलं
फाटकावर दुसऱ्याच नावाची पाटी दिसली तेव्हा त्याच घराचं साठेखत, म्हणजे घर पुढे आम्हाला विकण्याचा करार, आमच्या कपाटात होतं. स्टॅम्पपेपर, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्या, सगळं जागच्या जागी. फक्त ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेलं नव्हतं. घर विकणारे वडिलांच्या वयाचे, ओळखीतून आलेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ‘खरेदीखत नोंदवायचंच आहे, मग साठेखताचा दुहेरी व्याप कशाला?’ असं ते म्हणाले आणि आम्ही मान डोलावली. किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा देऊन झाला होता. बराचसा चेकने, काही रोख. रोखीची पावती मागायला मला संकोच वाटला.

खरेदीखताची, म्हणजे घर प्रत्यक्ष नावावर करून देणाऱ्या दस्ताची, मुदत सहा महिन्यांची होती. पाचव्या महिन्यात काकांनी सांगितलं की बहिणींचं हक्कसोडपत्र व्हायचंय. मग एक बहीण आजारी पडली, मग मोजणी अडली. दर वेळी फोनवर तेच वाक्य: ‘ताई, घाई कशाला? घर तुमचंच आहे.’ आमच्या बँकेच्या कर्जमंजुरीची मुदत संपत आली तेव्हा त्यांनीच सुचवलं, ‘आत्ता पुन्हा फी भरू नका, कागद तयार झाले की मंजुरी घ्या.’ आमचे पैसे वाचवायला बघतात म्हणून मला त्यांच्याबद्दल जास्तच आपलेपणा वाटला. हा सल्ला किती महागात पडणार आहे, ते मला कोर्टात कळलं.

पाटी दिसल्यावर आधी पोलिसांकडे गेलो. ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून त्यांनी परत पाठवलं. मग करारपूर्तीचा, म्हणजे वकील ज्याला स्पेसिफिक परफॉर्मन्स म्हणतात तो दावा लावला. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये २०१८ साली दुरुस्ती झाली आणि असे करार अमलात आणून देणं आता कोर्टाच्या मर्जीवर राहिलेलं नाही, हे ऐकून मी निर्धास्त झाले होते. पण त्याच कायद्याचं कलम १६ जागेवर आहे. आपल्या वाट्याचं काम करायला आपण सुरुवातीपासून तयार आणि राजी होतो, हे खरेदीदाराने सिद्ध करायचं असतं.

उलटतपासणीत काकांच्या वकिलांनी आवाजही चढवला नाही. मुदतीच्या दिवशी उरलेली रक्कम तुमच्याकडे होती का? कर्जाची मंजुरी चालू होती का? खरेदीखत करून द्या, असं एक तरी पत्र, एक तरी नोटीस? माझ्याकडे होते ते फोन. किती केले ते मी सांगू शकत होते, बोलणं काय झालं ते दाखवू शकत नव्हते. आणि मंजुरी मी काकांच्याच सांगण्यावरून जाऊ दिली होती, हे बोलले तरी त्याला पुरावा काय?

दुसरा घाव त्याहून खोल होता. नवीन खरेदीदाराने इंडेक्स टूचा, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीचा, शोध घेतला होता, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवल्या होत्या. ती नोटीस आमच्या नजरेस पडलीच नाही. ज्याने पूर्ण मोबदला दिला, प्रामाणिकपणे दिला आणि ज्याला आधीच्या कराराची माहिती नव्हती, त्याच्याविरुद्ध आधीचा करार चालत नाही. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम १९ तसं सांगतं. आमचं साठेखत नोंदवलेलं असतं तर ते त्याच्या शोधात दिसलं असतं आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे त्याला म्हणताच आलं नसतं. साठेखताने मालकी येत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्ये स्पष्ट आहे. आम्ही मात्र सही केल्या दिवसापासून ते घर आपलं समजत होतो. त्या नवीन खरेदीदाराचा मला राग येत नाही. आम्ही करायला हवं होतं ते त्याने केलं.

घर मिळालं नाही. चेकने दिलेले पैसे व्याजासह परत करण्याचा हुकूम झाला, तोही आमच्या वकीलबाईंनी दाव्यात ती पर्यायी मागणी आठवणीने घातली म्हणून. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम २२ प्रमाणे इसाराची, म्हणजे आगाऊ दिलेली, रक्कम परत हवी असेल तर तसं मागावं लागतं, न मागता कोर्ट देत नाही. रोख रक्कम काकांनी साफ नाकारली.

तुमचा असा करार अडकला असेल तर आधी त्यात खरेदीखताची तारीख लिहिली आहे का ते बघा. लिहिली असेल तर दाव्याची तीन वर्षं त्या तारखेपासून मोजतात, विकणाऱ्याच्या शेवटच्या गोड फोनपासून नाही. तारीख नसेल तर त्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळलं तेव्हापासून. मुदत वाढवायची तर लेखी वाढवून घ्या, दोघांच्या सह्यांनी. उरलेले पैसे तयार आहेत, अमुक दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात या, अशी नोटीस पोच मिळेल अशा पोस्टाने पाठवा आणि त्या दिवशी खरंच तिथे जा. नातं बिघडेल म्हणून थांबू नका. मी त्याच भीतीने थांबले होते. दावा लावलात तर तो चालू असल्याची नोटीसही, लिस पेंडन्स म्हणतात ती, नोंदवून घ्या, म्हणजे मधल्या काळात मालमत्ता तिसऱ्याच्या हाती गेली तरी तुमचा दावा त्याला चिकटून राहतो.

हुकूम होऊनही पैसे हातात आलेले नाहीत. वसुलीसाठी आता दरखास्त लावली आहे. काका तारखेला येतात, समोर दिसले की नमस्कार करतात आणि विचारतात, ‘कशा आहात, ताई?’