गोव्याच्या पावसाळ्यात थार रॉक्स फोर-बाय-फोर: इंजिनाआधी टायर आणि पोट बघा

महिंद्राची थार रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आली तेव्हापासून चर्चा झाली ती पाच दारांची, सनरूफची आणि भारत एनकॅप या अपघात-चाचणीतल्या पाच ताऱ्यांची. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या भागांत ज्यांचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) डांबर संपल्यावर अर्धा-एक किलोमीटर आत आहे, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. जून ते सप्टेंबर ही गाडी घराच्या अंगणापर्यंत पोचते का? पोचते. पण कुठलं व्हेरियंट घेता, खाली कुठले टायर घालता आणि गाडीचं पोट कसं सांभाळता यावर ते ठरतं. इंजिन पुरेसं आहेच.

त्यामुळे इंजिनाचं थोडक्यात उरकतो. फोर-बाय-फोर फक्त २.२ लिटर डिझेलमध्ये मिळते. २ लिटर टर्बो पेट्रोल कितीही आवडलं तरी ते मागच्या चाकांवरच चालतं. डिझेलचे दोन ट्यून आहेत: १५२ पीएस-३३० एनएम आणि १७५ पीएस-३७० एनएम. चोर्ला किंवा अनमोड घाट चार माणसं आणि सामान घेऊन चढायला दोन्ही पुरतात, आणि ४-लोमध्ये (चारही चाकांना जोर, तोही सर्वांत मंद गिअरिंगमध्ये) तर खालचा ट्यूनसुद्धा चाकं जागच्या जागी फिरवण्याइतका जोर देतो. एक पथ्य मात्र पाळा. पणजी-म्हापसा अशा छोट्या फेऱ्यांवरच गाडी राहिली तर धूर गाळणारा डीपीएफ भरत जातो. आठवड्यातून एकदा तरी महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटं सलग, एकसारख्या वेगात न्या. त्यातली काजळी जाळून साफ होण्याचं हे चक्र चालू असताना किंवा नुकतंच संपल्यावर सुक्या गवतावर गाडी उभी करू नका. एक्झॉस्ट फार तापलेला असतो.

आता टायर. गोव्याची लाल माती म्हणजे जांभ्याची झीज. पहिल्या जोरदार पावसानंतर तिचा बारीक चिकट गाळ टायरच्या खाचांत भरतो आणि कंपनीचा रस्त्यासाठीचा टायर दहा मीटरमध्ये गुळगुळीत होतो. चांगली गोष्ट अशी की गाळाचा थर बहुधा पातळ असतो, खाली टणक जांभा असतो. म्हणजे रुंद टायर घालून चिखलावर तरंगण्यापेक्षा, गाळ कापून खालच्या दगडाला पकडणारा, मोकळ्या खाचांचा ऑल-टेरेन टायर इथे जास्त कामाचा. माप कंपनीचंच ठेवा, रुंदी वाढवू नका.

वरच्या एएक्स७एल व्हेरियंटला २५५/६० आर१९ टायर येतात, एमएक्स५ आणि एएक्स५एलला २५५/६५ आर१८. हिशेब करून बघा: १९ इंचीची बाजूची भिंत १५३ मिमी, १८ इंचीची जवळपास १६६. तेरा मिमीचा हा फरक कागदावर छोटा वाटतो, पण हवा कमी केल्यावर दगडाच्या धारेपासून रिमला तोच वाचवतो. शिवाय दोन्ही टायरांचा पूर्ण व्यास ७८९ मिमीच्या आसपास, जवळजवळ सारखाच येतो. म्हणून एएक्स७एल घेऊन तिला १८ इंची रिम बसवली तरी स्पीडोमीटर चुकत नाही, गिअरिंग बिघडत नाही. वरचं व्हेरियंट घेणाऱ्या कुळागरवाल्यांनी पहिला खर्च हाच करावा असं माझं ठाम मत आहे.

हवेचं गणित: डांबरावर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. लाल चिखलात २२ ते २४ पीएसआय. त्याखाली उतरायची वेळ आलीच तर १८ ला थांबा, कारण साध्या रिमवरून वळताना टायरची कड निसटू शकते. कमी हवेवर वेग २० च्या आत, आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरायची. म्हणजे बारा व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर गाडीत हवाच. बॅटरीला थेट क्लिप लावायचा घ्या, सिगारेट सॉकेटवरचा छोटा पंप एवढ्या मोठ्या टायरला पुरा पडत नाही. चिऱ्यांच्या पाखाडीवरचं हिरवं शेवाळ हा चिखलापेक्षा वाईट प्रकार. तिथे खाचा काही करत नाहीत. हवा कमी, ४-लो, पहिला गिअर, आणि ब्रेकला पाय न लावता इंजिनावर उतरणं, एवढंच हाती असतं.

पोटाकडे येऊ. रॉक्सचा व्हीलबेस २८५० मिमी, तीन दारी थारचा २४५०. पुढचा कोन ४१.७ अंश, मागचा ३६.१, दोन्ही उत्तम. ओहोटीला फेरीबोटीच्या धक्क्याचा खालचा तिरका भाग उघडा पडतो तिथेही नाक घासत नाही. पण मधला, म्हणजे उंचवटा ओलांडताना लागणारा रॅम्पओव्हर कोन २३.९ अंश आहे, तीन दारीत तो २७ च्या घरात होता. हे तीन अंश खाजन (खाडीकाठच्या) शेताच्या बांधावर किंवा सड्याच्या कडेच्या पायरीवर लगेच कळतात. चारही चाकं जमिनीला टेकलेली, पण पोट बांधावर बसलेलं आणि टायर नुसते फिरताहेत, अशी अवस्था होते.

उपाय आहे. बांध सरळ न घेता तिरका घ्या, म्हणजे एकेक चाक वर चढतं आणि पोटाखालचा उंचवटा बाजूला राहतो. तिरकं घेताना तिरप्या रेषेतली (एक पुढचं, दुसऱ्या बाजूचं मागचं) दोन चाकं हलकी होतात. मागचा पाच दांड्यांचा सस्पेन्शन चाकाला बऱ्यापैकी खाली सोडतो, तरी एक चाक हवेत जाणारच. म्हणून मागचं इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं सारखीच फिरवणारं) बांधावर चढायच्या आधी लावा, अडकल्यावर नाही. चाक फिरून खड्डा पडल्यावर लॉक लावलं तर दोन्ही चाकं मिळून तो खड्डा खोल करतात. पलीकडे उतरून वळण येण्याआधी लॉक काढा. लागलेलं असताना गाडी स्टिअरिंग न ऐकता सरळ जाऊ बघते.

साइड स्टेप मोहक असतात, पण बांधावर सर्वांत आधी त्याच वाकतात आणि वाकल्या की दाराच्या खालच्या कडेला दाबतात. त्या काढून चासीला बसणारे रॉक स्लायडर (दगडावर घासणं सोसणारे दणकट दांडे) लावा. खालून ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी पेटी) आणि इंधन टाकीला पोलादी पत्रा घ्या, पण त्याला चिखल धुऊन काढायची भोकं आहेत ना ते पाहा. बिनभोकाच्या पत्र्यात लाल गाळ साचतो, दिवाळीपर्यंत ओला राहतो आणि आतून गंज धरतो.

फोर-बाय-फोरचा लिव्हर वापरण्यात गोव्यात एक चूक सर्रास दिसते: पाऊस लागला की घाटात ४-हाय (चारही चाकांना जोर, नेहमीच्या गिअरिंगमध्ये) लावायचं. ही पार्ट-टाइम यंत्रणा आहे, पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक सांभाळणारं मधलं डिफरेन्शियल नाही. ओल्या डांबरावरही पकड इतकी असते की वळणात पुढच्या-मागच्या शाफ्टच्या फेऱ्या जुळत नाहीत, ताण साठतो, स्टिअरिंग जड होतं आणि लिव्हर परत २-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांवर) यायला नकार देतो. तसं झालं तर लिव्हरशी झटापट करू नका. सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्या, ताण सुटतो, मग लिव्हर हलकेच येतो. डांबरावर २-हाय, माती लागली की ४-हाय, चढ-उतार किंवा पाणी आलं की गाडी थांबवून ४-लो. बरेच महिने मातीवर जाणं होत नसेल तर महिन्यातून एकदा मोकळ्या कच्च्या जागेवर लिव्हर सगळ्या जागांवर फिरवून आणा, सांधे जाम होत नाहीत.

क्रॉल स्मार्ट म्हणजे पायडल न दाबता ठरलेल्या मंद वेगाने सरपटणं. उतारावर नवख्या चालकाला ते खरोखर मदत करतं. इंटेलीटर्न वळणात आतलं मागचं चाक धरून ठेवतं आणि लांब गाडी आखूड जागेत फिरवतं. सैल मातीवर कुळागराच्या अरुंद वळणात ते उपयोगी आहे, पण शेजाऱ्याच्या पायवाटेची माती उकरून निघते, म्हणून जपून.

पाणी. कंपनीचा आकडा ६५० मिमी. व्यवहारात ओळखायचं असं: टायरचा वरचा जेमतेम १३-१४ सेंमीचा पट्टाच पाण्याबाहेर दिसतो तेव्हा मर्यादा आली. हा आकडा साचलेल्या पाण्याचा आहे. वाहत्या व्हाळात (ओढ्यात) चाकाच्या मध्यापर्यंत पाणी आलं असेल तरी माझ्या मते जाऊ नये, कारण ओढ गाडीला आडवी ढकलते आणि गाडी जितकी बुडते तितकं तिचं वजन टायरवरून उतरतं. पाणी गढूळ असेल तर आधी काठी घेऊन चालत जा. चालत जाता येत नसेल तर गाडीही जाऊ नये. जायचं ठरलं की ४-लो, दुसरा गिअर, नाकापुढे छोटी लाट राहील एवढा एकसारखा वेग, आणि मध्ये क्लच दाबायचा नाही. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत शंभर मीटर न्या. खोल पाण्यातून गेलात तर त्याच आठवड्यात दोन्ही डिफरेन्शियल आणि ट्रान्सफर केसचं तेल तपासून घ्या. दुधाळ दिसलं तर बदला. तापलेलं आवरण थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते.

आतल्या बाजूने एकच मोठी तक्रार: फिकट हस्तिदंती रंगाची सीटं. जांभ्याचा डाग ओल्या फडक्याने पुसला की आणखी आत बसतो. वाळू द्या, ब्रशने झाडा, मग साबणाचं पाणी. फोर-बाय-फोरमध्ये गडद मोका ब्राउन आतली सजावट मिळते. गोव्यासाठी तीच घ्या. सीट कव्हर घालायचं असेल तर साइड एअरबॅगची शिवण मोकळी ठेवणारंच. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतल्या पाणी जायच्या नळ्या मे महिन्यात साफ करून घ्या, झाडाखाली उभी राहणाऱ्या गाडीत त्या पानांनी तुंबतात आणि पाणी छताच्या कापडात उतरतं. खड्ड्यांवर गाडी तीन दारीपेक्षा कितीतरी शांत आहे, तरी मागच्या सीटवर डावी-उजवीकडे हलणं राहतंच.

लांबी ४४२८, रुंदी १८७० मिमी. पणजीतल्या फोंतेन्यशच्या गल्ल्यांत किंवा दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे असलेल्या वाड्यावरच्या वाटेत ही रुंदी जाणवते. वाट खरोखर अरुंद असेल तर मारुती जिम्नी जास्त शहाणी निवड: १६४५ मिमी रुंद आणि साधारण १२०० किलोची, चिखलात कमी रुतते. पण डोंगरात कुटुंब आणि सुपारीची पोती एकाच फेरीत न्यायची तर ती तोकडी पडते. फोर्स गुरखाला पुढे-मागे दोन्ही लॉक, कारखान्यातूनच स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) आणि ७०० मिमी पाण्याची क्षमता आहे. निव्वळ कामासाठी ती वरचढ, रोजच्या पणजी फेरीसाठी रॉक्स.

लाँचच्या वेळी एमएक्स५ फोर-बाय-फोर मॅन्युअलची शोरूम किंमत १८.७९ लाख होती, एएक्स७एल ऑटोमॅटिकची २२.४९ लाख. आकडे नंतर बदललेत, पण अंतर लक्षात घ्या. पहिलीत १८ इंची टायर आधीच आहेत. वाचलेल्या पैशात ऑल-टेरेन टायर, स्लायडर, पत्रा, कॉम्प्रेसर, अडकलेली गाडी ओढायचा ताणणारा दोर आणि तो अडकवायच्या दोन कड्या (शॅकल) सगळं बसतं. दोर बांधायचा तो चासीच्या टो हुकलाच. ट्रेलरच्या गोळ्याला कधीही नाही, ताणात तो तुटून उडतो.

हे सगळं वापरायचं कुठे, तर स्वतःच्या जमिनीत आणि गावच्या कच्च्या रस्त्यावर. किनाऱ्यावर गाडी उतरवणं गुन्हा आहे, पोलीस कारवाई करतात, आणि ते योग्यच आहे. दूधसागरला कुळेहून तिथल्या नोंदणीकृत जीपच जातात. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय वाट सोडून चाक टाकू नये. स्पर्धेची हौस असेल तर २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया गोव्याच्या पावसातच होत आली आहे.

काही वर्षांनी रेंट-अ-कॅबमधून निघालेल्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या रॉक्स जुन्या बाजारात येतील. अशी गाडी बघताना बॉनेट नंतर उघडा. आधी सीटच्या रुळांत वाळू आहे का पाहा, स्पेअर टायरच्या ब्रॅकेटचे बोल्ट, मागच्या ब्रेकच्या धातूच्या नळ्या आणि चासीच्या आतल्या बाजूची जोडणी टॉर्च मारून तपासा. खाऱ्या पाण्यात उतरलेली गाडी तिथे तपकिरी पापुद्रे दाखवते. ते दिसले तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या.