रुबीत व्हाइल घ्यावा की ईच?

जळगाव-रावेर पट्ट्यातील केळी खरेदीदारांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिणाऱ्यांना, वजनकाट्याच्या हजारो नोंदींवरून फिरण्यासाठी कोणता लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करवणारी रचना) घ्यावा, हा प्रश्न पडतोच. निव्वळ वेग पाहिला तर व्हाइल बहुधा पुढे राहतो, कारण त्यात अट तपासून मागे उडी मारली की भागते. यादीतील प्रत्येक घटकावरून फिरणारा ईच आणि ठरावीक वेळा फिरणारा टाइम्स मात्र प्रत्येक फेरीला ब्लॉक, म्हणजे त्यांना दिलेला कोडचा तुकडा, बोलावतात आणि त्याचा थोडा भार पडतो. याउलट व्हाइलमध्ये इंडेक्स, म्हणजे नोंदीचा क्रमांक, वाढवण्याची जबाबदारी आपल्याच अंगावर असते, आणि ती एक ओळ राहून गेली तर प्रोग्रॅम पहिल्याच नोंदीवर अडकून बसतो. फॉर या आणखी एका लूपचा विचार करण्याचे कारण नाही: तो आतून ईचच बोलावतो, शिवाय त्याचे व्हेरिएबल लूप संपल्यावरही मागे उरते.

हा फरक आवृत्तीनुसार बदलतो, हे निर्णय घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. रुबी 3.3 मध्ये टाइम्स आणि 3.4 मध्ये अ‍ॅरेवरील (म्हणजे यादीवरील) ईच रुबीतच नव्याने लिहिले गेले, त्यामुळे वायजिट (कोड चालतानाच यंत्रभाषेत आणणारा रुबीचा कंपायलर) सुरू असताना त्यांच्या ब्लॉकचा भार बराच कमी होऊ शकतो. जुन्या आवृत्तीवरील वेगाचे तक्ते पाहून आजचा कोड व्हाइलमय करणे मला तरी पटत नाही.

मोजणी स्वतः करायची असेल तर रिकामा लूप मोजू नये, कारण त्यात केवळ लूपचाच भार दिसतो. प्रत्यक्षात नोंद वाचणे, भाव लावणे, स्ट्रिंग (मजकूर) जोडणे यांतच बहुतेक वेळ जातो. त्याच लूपमध्ये स्ट्रिंग अधिक-बरोबरने (+=) जोडली तर दर फेरीला नवी स्ट्रिंग तयार होते, शॉव्हेल ऑपरेटरने (<<) जोडली तर जुनीच वाढते, आणि हा बदल लूपची शैली बदलण्यापेक्षा पुष्कळदा अधिक फायद्याचा ठरतो. वेळ मोजणाऱ्या बेंचमार्क या रुबीच्या लायब्ररीतील बीएमबीएम ही पद्धत आधी रंगीत तालीम करून मग खरी मोजणी करते, म्हणून साध्या बीएमपेक्षा ती बरी. भुसावळच्या मे महिन्यात तापलेला लॅपटॉप आपला वेग आपणच कमी करतो आणि वीज गेल्यावर बॅटरीवर आणखी मंदावू शकतो. तेव्हा दोन्ही शैली एकाच बैठकीत, चार्जर लावून, शक्यतो सकाळी, क्रम उलटसुलट करून मोजाव्यात.

केवळ बेरीजच हवी असेल तर दोन्ही सोडून अ‍ॅरेची सम पद्धत वापरावी. मात्र उत्तरे ताडून पाहावीत. 0.1 ही संख्या लूपमध्ये दहा वेळा मिळवली तर 0.9999999999999999 येते, सम मात्र 1.0 देते, कारण ती दशांशातील बारीक चूक सावरत बेरीज करते. शेतकऱ्याच्या पट्टीवरील रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून साठवल्या असतील तर हा प्रश्न उद्भवत नाही.