कॉपी, लोड डेटा की रीड-सीएसव्ही? टेक्स्ट फाइल आत घेणाऱ्या तीन सिंटॅक्स, काही महिने वापरून

काम साधंच. फोंड्यात हार्डवेअरचा घाऊक धंदा, शाखा म्हापशाला आणि काणकोणला. तिन्ही ठिकाणचं बिलिंग सॉफ्टवेअर वेगळं आणि रोज संध्याकाळी तिन्हीकडून एकेक सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली टेक्स्ट) फाइल येते. हाच डेटा तीन डेटाबेसमध्ये, पोस्टग्रेसच्या कॉपीने, मायएसक्यूएलच्या लोड डेटाने आणि डकडीबीच्या रीड-सीएसव्हीने आत घेऊन झाला. वेगाबद्दल इथे काही लिहिलेलं नाही, एवढ्याशा फाइलींना तिन्ही पुरून उरतात. मुद्दा सिंटॅक्सचा, म्हणजे कमांड लिहिण्याच्या रचनेचा आहे: फाइलबद्दल काय काय सांगता येतं आणि न सांगितलेलं कमांड काय गृहीत धरते.

नमुन्याची एक ओळ:

जीआय पाइप १/२",डि'सोझा,१२/३,"शिरोडा, फोंडा",०८३२…,"१,२५,०००",०५/०४/२०२५

माल, गिऱ्हाईक, साइटचा सर्व्हे नंबर, पत्ता, फोन, रक्कम, तारीख. (इथे आकडे देवनागरीत लिहिलेत. फाइलमध्ये ते इंग्रजीच हवेत, देवनागरी आकडा पोस्टग्रेसच्या न्यूमेरिक कॉलमला चालत नाही.)

पोस्टग्रेसपासून सुरुवात. २०१० च्या ९.० आवृत्तीपासून कॉपीचे पर्याय कंसात येतात: फॉरमॅट, डिलिमिटर (कॉलम वेगळे करणारं चिन्ह), नल (रिकामी किंमत), कोट (अवतरणचिन्ह), एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत), हवे त्या क्रमाने. ही रचना फार शहाणपणाची आहे. त्यानंतर आलेले सगळे पर्याय त्याच कंसात बसले, जुन्या क्वेरी मोडल्या नाहीत. गोंधळ आहे तो फाइलच्या जागेचा. कॉपीत दिलेला पाथ सर्व्हरवरचा असतो आणि तो वाचायला वेगळा अधिकार लागतो. आपल्या लॅपटॉपवरची फाइल हवी असेल तर पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन प्रोग्रॅममधली बॅकस्लॅशवाली कॉपी वापरायची. ती मात्र एकाच ओळीत लिहावी लागते आणि तिच्यात व्हेरिएबल चालत नाही. दोन वेगळ्या गोष्टींना जवळजवळ एकच नाव, त्यामुळे नवखा माणूस इथे हमखास अडकतो.

आता नमुन्यातल्या पाइपच्या मापाचा तो इंच, म्हणजेच अवतरणासारखंच दिसणारं चिन्ह. कॉपीच्या सीएसव्ही फॉरमॅटमध्ये अवतरणचिन्ह फील्डच्या मधोमध आलं तरी कोट सुरू झाला असं धरलं जातं. वरच्या ओळीत एकूण पाच अवतरणं आहेत, म्हणजे विषम. मग ओळ संपली तरी कोट उघडाच राहतो आणि पुढची ओळही ह्याच ओळीत गिळली जाते. पुढे कुठे इंचाचाच दुसरा माल आला की जोडी जुळते आणि एरर येते ती कॉलम कमी-जास्त झाल्याची, तीही भलत्याच ओळीवर. जोडी जुळलीच नाही तर फाइलच्या शेवटी कोट बंद झाला नसल्याची तक्रार येते. उपाय दोन. एक्सपोर्ट करतानाच फील्डला अवतरणं लावून आतला इंच दुप्पट करून घ्यायचा. ते सॉफ्टवेअरला जमत नसेल तर टॅबने वेगळी केलेली फाइल मागायची आणि कोटच्या जागी फाइलमध्ये कधीच न येणारं अक्षर द्यायचं. बॅकस्पेसचं कंट्रोल अक्षर चालतं. मायएसक्यूएल इथे जास्त समंजस आहे. फील्डची सुरुवातच अवतरणाने झाली तरच ते त्याला कोट मानतं, मधला इंच इंचच राहतो.

दुसरी मोठी बाब हेडरची. कॉपीला नुसतं हेडर सांगितलं तर पहिली ओळ वगळली जाते, नावं कोणी वाचत नाही. एखाद्या शाखेच्या सॉफ्टवेअरने अपडेटनंतर ‘दर’ आणि ‘एमआरपी’ची अदलाबदल केली तर दोन्ही आकडेच असल्याने सगळं बिनबोभाट आत जातं. २०२२ च्या १५ आवृत्तीपासून ‘हेडर मॅच’ आहे, ते लावलंच पाहिजे. नाव किंवा क्रम बदलला की काम थांबतं. मात्र नावावरून कॉलम जुळवून घेणं त्याला येत नाही. आणि एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या तोंडाशी बीओएमचे, म्हणजे एन्कोडिंगच्या खुणेचे, तीन अदृश्य बाइट असतात. त्यामुळे पहिल्या कॉलमचं नाव डोळ्यांना बरोबर दिसूनही जुळत नाही. ते बाइट आधी काढून टाकायचे.

तारखेचा घोळ सगळ्यात लबाड. सर्व्हर अमेरिकी लोकेलवर बसवलेला असेल तर ०५/०४ म्हणजे ४ मे. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत चूक कळतच नाही, १३ तारखेला कॉपी अडते. सेशनच्या सुरुवातीलाच डेटस्टाइल डीएमवाय (दिवस, महिना, वर्ष) करावी. कॉपीच्या कंसात तारखेचा साचा द्यायची सोय नाही, ही खरी उणीव. ‘१,२५,०००’ मधले स्वल्पविराम काढायचीही नाही. २०१९ च्या १२ आवृत्तीत वेअर आलं, पण ते ओळी गाळतं, मजकूर बदलत नाही. म्हणून सगळे कॉलम टेक्स्ट असलेलं एक अनलॉग्ड (बदलांचा लॉग न लिहिणारं) टेबल करायचं, त्यात कॉपी करायची आणि तिथून सिलेक्टने साफ करून मूळ टेबलात भरायचं.

मायएसक्यूएलमध्ये हेच एका क्वेरीत होतं. कॉलमच्या यादीत ॲट-चिन्हाचं व्हेरिएबल ठेवायचं आणि शेवटी सेटमध्ये त्यातले स्वल्पविराम काढायचे, तारीख साच्याने वाचायची, रिकाम्या फील्डचं नल करायचं. तिन्हींतला हा सर्वांत देखणा भाग. बाकीची रचना जुनाट आहे. कॅरॅक्टर सेट, फील्ड्स, लाइन्स, इग्नोर, यादी, सेट हा क्रम चुकला की सिंटॅक्स एरर. ‘इग्नोर’ हा शब्द एका जागी हेडरच्या ओळी वगळतो, दुसऱ्या जागी चुका आणि डुप्लिकेट ओळी. एकाच कीवर्डला दोन कामं द्यायला नको होती. विंडोजच्या फाइलला ओळीचा शेवट नीट सांगितला नाही तर शेवटच्या कॉलमला कॅरेज रिटर्न (विंडोजच्या ओळीशेवटचं अदृश्य अक्षर) चिकटतो आणि जॉइन जुळत नाहीत. सर्वांत धोक्याचा शब्द ‘लोकल’, म्हणजे फाइल आपल्या मशीनवरून घे. तो लावला की डेटाच्या चुकांची नुसती वॉर्निंग होते आणि डुप्लिकेट ओळी वगळल्या जातात. प्रत्येक लोडनंतर शो वॉर्निंग्ज बघायलाच हवं, त्या वॉर्निंगही मायएसक्यूएल ८.० मध्ये मुळात १०२४ पर्यंतच साठतात.

डकडीबीची कल्पनाच वेगळी: फाइल म्हणजे टेबल. सिलेक्टमध्ये फ्रॉमच्या पुढे रीड-सीएसव्ही लिहा, त्यावर वेअर, जॉइन, ग्रुप बाय सगळं चालतं. आयात करायला वेगळी कमांड शिकावी लागत नाही. तिन्ही शाखांच्या फाइली एका तारांकित पाथने उचलता येतात, ‘युनियन बाय नेम’ लावलं की कॉलम नावाने जुळतात, ‘फाइलनेम’ने ओळ कुठून आली ते कळतं. पोस्टग्रेसला हेडरबद्दल जे जमत नाही ते इथे एका पर्यायात मिळतं.

फक्त त्याच्या अंदाजावर विसंबायचं नाही. पहिल्या २०,४८० ओळी चाळून तो डिलिमिटर आणि प्रकार ठरवतो. ०८३२ ने सुरू होणारे फोन त्याला आकडे वाटतात आणि पुढचा शून्य जातो. म्हणून ‘ऑल व्हारचार’ खरं करून सगळं मजकूर म्हणून घ्यायचं, मग ट्राय-कास्टने (रूपांतर जमलं नाही तर एररऐवजी नल देतं) प्रकार लावायचे. मूळ मजकूर असूनही जिथे नल आलं त्या ओळी वेगळ्या टेबलात. कॉलमच कमी-जास्त असलेल्या ओळींसाठी ‘स्टोअर रिजेक्ट्स’ आहे: ओळ क्रमांक आणि कारण टेबलात मिळतं. पोस्टग्रेसमध्ये २०२४ च्या १७ आवृत्तीने ‘ऑन एरर इग्नोर’ आणलं, पण ते प्रकार न जुळण्यापुरतंच. कॉलम जास्त झाला किंवा युनिक की मोडली तर काम थांबतंच, आणि वगळलेल्या ओळी टेबलात साठत नाहीत. १८ मध्ये ‘रिजेक्ट लिमिट’ आलं, निदान किती ओळींपर्यंत गाळू द्यायचं ते ठरवता येतं.

सध्या बसलेली घडी अशी: वाचणं आणि चाळणं डकडीबीत, साफ झालेला डेटा हेडर मॅच लावून कॉपीने पोस्टग्रेसमध्ये. मायएसक्यूएल एका जुन्या टेबलापुरतं उरलंय.

दोन गोष्टींवर कुठल्याच सिंटॅक्सकडे औषध नाही. फाइल मध्येच कोणी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की सर्व्हे नंबर १२/३ चा १२ मार्च होतो आणि तो मजकूर म्हणून निमूट आत येतो. त्यासाठी सर्व्हे नंबरच्या कॉलमवर फक्त आकडे, तिरकी रेघ आणि उपविभागाचं अक्षर चालेल असं चेक कन्स्ट्रेंट (न बसणारी किंमत नाकारणारा नियम) घालावं. आणि जुन्या श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी नावं एन्कोडिंगचा पर्याय बदलून सुधारत नाहीत, कारण बिघाड एन्कोडिंगचा नसून फाँटच्या नकाशाचा (कुठल्या कोडला कुठलं अक्षर दाखवायचं त्याचा) असतो. ती युनिकोडमध्ये बदलून मगच फाइल लोडला द्यायची.